१० टक्के पोव्हिडोन, ५ टक्के लुगोल, २ टक्के टिंक्चर: यात जहाल कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पोव्हिडोन आयोडीनच्या दोन बाटल्या आहेत, एक ५ टक्क्यांची आणि एक १० टक्क्यांची. शिवाय बऱ्याच दिवसांपूर्वी उघडलेलं २ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन आहे, आणि थायरॉइडच्या ऑपरेशनआधी आईला दिलेल्या लुगोल या आयोडीनच्याच द्रावणाची अर्धी बाटली उरली आहे. तिच्यावर ५ टक्के लिहिलंय. वडिलांना मधुमेह आहे, त्यांच्या पायाला जखम झाली आहे. गोठ्यात गाय नुकतीच व्यायली आहे. तर यातलं सगळ्यात जहाल कोणतं, पाणी घालून एकाचं दुसरं करता येतं का, आणि सगळीकडे एकच बाटली चालेल का?

मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरला जाणारी आयोडीनची प्रत्येक बाटली आमच्याकडून पुढे जाते, त्यामुळे हा गोंधळ मला रोजचा आहे. आधी सरळ उत्तर देते: आत असलेल्या आयोडीनचा हिशेब केला तर लुगोल सगळ्यात वर, त्याखाली टिंक्चर, मग १० टक्के पोव्हिडोन, आणि शेवटी ५ टक्के पोव्हिडोन. लेबलवर सगळ्यात मोठा आकडा असलेली बाटली तिसऱ्या नंबरवर येते. एकच बाटली सगळीकडे चालणार नाही. आणि वडिलांच्या जखमेत लुगोल किंवा टिंक्चर कृपा करून घालू नका. का, ते खाली सविस्तर लिहिते, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी विचारावं लागणार नाही.

टक्के वाचताना पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा की हे कशाचे टक्के आहेत. लुगोलच्या १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम खरंखुरं आयोडीन असतं आणि त्याच्या जोडीला १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. टिंक्चरच्या १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम आयोडीन, थोडं आयोडाइड, आणि बाकी पाणी मिसळलेला अल्कोहोल. पोव्हिडोनच्या बाटलीवरचे १० टक्के मात्र आयोडीनचे नाहीत. पोव्हिडोन हा एक लांबलचक साखळीचा पॉलिमर आहे आणि आयोडीन त्याला चिकटून असतं. त्या पॉलिमर आणि आयोडीनच्या जोडगोळीचं वजन १० ग्रॅम. त्यात कामाला येऊ शकणारं आयोडीन साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १ ग्रॅम. बाटली हातात घेऊन मुख्य नावाखालची बारीक ओळ वाचा. ५ टक्क्यांच्या बाटलीवर तिथे ‘अव्हेलेबल आयोडीन ०.५ टक्के’ आणि १० टक्क्यांच्या बाटलीवर ‘१ टक्का’ अशा अर्थाचा मजकूर सापडेल. खरी तुलना त्या ओळीवरून करायची. त्या ओळीला मी इथे ‘उपलब्ध आयोडीन’ म्हणते.

या एका मापाने नेहमीच्या बाटल्या लावून पाहा. जुन्या औषधकोशातलं कडक टिंक्चर ७ टक्के. लुगोल ५. साधं टिंक्चर २. घशाला कापसाच्या बोळ्याने लावायचा मँडल्स पेंट, जो पूर्वी प्रत्येक दवाखान्यात असायचा, तो १.२५. पोव्हिडोन १० टक्के म्हणजे १. ऑपरेशनआधी हात धुवायचा ७.५ टक्क्यांचा स्क्रब म्हणजे ०.७५. पोव्हिडोन ५ टक्के म्हणजे ०.५. गुळण्यांचं २ टक्क्यांचं औषध म्हणजे ०.२. म्हणून ‘१० टक्के बेटाडीन (म्हणजे पोव्हिडोनच) हे टिंक्चरच्या पाचपट’ हे जे सर्रास ऐकू येतं ते उलटं आहे. टिंक्चरमध्ये त्याच्या दुप्पट आयोडीन असतं.

हे उपलब्ध आयोडीन मोजतात कसं, तेही सांगते, कारण त्यातच पुढच्या गोष्टीची किल्ली आहे. बाटलीतलं मोजून घेतलेलं द्रावण काचेच्या चंबूत घ्यायचं आणि वरून सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडत राहायचं. तपकिरी रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचं, द्रावण गडद निळं होतं, आणि तो निळा रंग ज्या थेंबाला उडून जातो तिथे थांबायचं. ०.१ नॉर्मल इतक्या तीव्रतेच्या थायोसल्फेटचा प्रत्येक मिलिलिटर १२.६९ मिलिग्रॅम आयोडीन खातो. १० टक्के पोव्हिडोनचे १० मिलिलिटर घेतले तर त्यात सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे थायोसल्फेट साधारण ८ मिलिलिटर लागलं पाहिजे. अमेरिकी औषधकोश लेबलवरच्या आकड्याच्या ८५ ते १२० टक्के इतकी मुभा देतो. थायोसल्फेट जसजसं मोकळं आयोडीन संपवतं तसतसं पॉलिमर स्वतःकडचं सोडत जातो, आणि शेवटी सगळा साठा मोजला जातो. म्हणजे ही चाचणी साठा सांगते. त्या क्षणी जंतूला भिडायला किती आयोडीन मोकळं फिरतंय हे ती सांगत नाही.

आणि जंतू मारतं ते मोकळं आयोडीन. पॉलिमरला चिकटलेलं किंवा आयोडाइडशी जोडी जमवून बसलेलं आयोडीन थेट जंतू मारण्याच्या कामी फारसं येत नाही. मोकळा रेणू पेशीच्या भिंतीतून आत शिरतो, प्रथिनांमधले गंधकाचे गट आणि स्निग्ध पदार्थ बिघडवतो आणि काही सेकंदांत पेशीचा कारभार थांबवतो. एकाच वेळी इतक्या ठिकाणी घाव बसतो की इतकी वर्षं वापरूनही जंतूंना अँटिबायोटिकसारखी आयोडीनशी जुळवून घेण्याची वाट सापडलेली नाही. मी आयोडीनची इतकी बाजू घेते ती मुख्यतः याच कारणासाठी.

आता मोकळ्या आयोडीनचा हिशेब करा. १० टक्के पोव्हिडोनमध्ये उपलब्ध आयोडीन १ टक्का, म्हणजे दहा लाख भागांत १० हजार भाग, ज्याला पीपीएम म्हणतात. त्यातलं मोकळं किती? मूळ द्रावणात साधारण १ पीपीएमच्या आसपास. दहा हजारांत एक! पॉलिमर इतका घट्ट धरून बसलेला असतो. पाणी घालत गेलात की पकड सैल होते आणि मोकळं आयोडीन वाढत जातं. शंभरपट पातळ केलेल्या, म्हणजे ०.१ टक्का पोव्हिडोनच्या द्रावणात ते सर्वात जास्त भरतं, २० ते २५ पीपीएमच्या घरात. त्याहून पातळ केलं की मात्र साठाच संपत आल्यामुळे पुन्हा उतरतं.

हे कागदावरचं गणित नाही. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीत एक सुडोमोनास जातीचा जंतू वारंवार सापडू लागला, आणि शोध घेता घेता तो पोव्हिडोन आयोडीनच्या बाटलीतच निघाला. रुग्णांच्या रक्तात तो नव्हताच. रक्त काढण्याआधी त्वचेला लावलेल्या जंतुनाशकातून तो नमुन्यात शिरत होता. त्यानंतर १९८२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी बाजारातल्या पोव्हिडोनची मूळ आणि पातळ द्रावणं शेजारी ठेवून तपासली. मूळ द्रावणात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू २ मिनिटं तग धरू शकला; शंभरपट पातळ केलेल्यात तो १५ सेकंदही टिकला नाही.

हे वाचून लगेच ‘मग सगळं शंभरपट पातळ करून वापरू’ असं ठरवू नका. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात जंतू सोडलेले असतात. माणसाच्या अंगावर रक्त, पू, घाम, मळ, तेल असतं, आणि यातलं प्रत्येक जण आयोडीन खातं. मोकळं आयोडीन म्हणजे पाटातलं वाहतं पाणी आणि उपलब्ध आयोडीन म्हणजे धरणातला साठा. शंभरपट पातळ केलेल्या द्रावणात पाट जोरात वाहतो, पण धरणात उरलेले असतात जेमतेम १०० पीपीएम. रक्ताच्या थोड्या थेंबांत ते संपतात. १० टक्क्यांत पाट संथ वाहतो, पण खाल्लं गेलेलं आयोडीन मागून सतत भरून निघतं. म्हणून ऑपरेशनआधी त्वचेला १० टक्केच लावतात आणि ते सुकेपर्यंत थांबतात, पाण्यातल्या पोव्हिडोनला निदान २ मिनिटं. लावल्या लावल्या पुसून टाकलेलं १० टक्के पोव्हिडोन हे वाया घालवलेलं औषध आहे, आणि हे मी वॉर्डात इतक्या वेळा पाहते की प्रत्येक नव्या बॅचला हाच धडा आधी देते: घड्याळ हा औषधाचाच भाग आहे.

रंगाकडेही लक्ष ठेवा. तपकिरी रंग टिकला आहे तोवर साठा शिल्लक आहे. लावलेली जागा फिकी पडली, गॉझ पांढरं दिसू लागलं, तर आयोडीन संपलं; पुन्हा लावायला हवं.

लुगोल आणि टिंक्चरची जात वेगळी. आयोडीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, लिटरला जेमतेम ०.३ ग्रॅम. १८११ मध्ये बर्नार कूर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेतून ते सापडलं तेव्हापासून ते द्रावणात कसं आणायचं हा पेच होता. एक वाट अल्कोहोलची, तिच्यातून टिंक्चर आलं. दुसरी वाट पॅरिसच्या ऑगस्त लुगोल यांनी १८२९ मध्ये वापरली: पोटॅशियम आयोडाइड घातलं की आयोडीन त्याच्याशी जोडी जमवून पाण्यात उतरतं. पण ही जोडी पॉलिमरइतकी घट्ट नाही. त्यामुळे या दोन्हींत मोकळं आयोडीन पोव्हिडोनपेक्षा खूपच जास्त असतं. काम झटपट होतं, आणि झोंबणं, डाग पडणं, कातडी भाजणं हेही त्याच हिशेबात येतं. १९०८ मध्ये सर्जन अंतोनिओ ग्रोसिक यांनी ऑपरेशनआधी त्वचेला टिंक्चर लावण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. आपल्याकडेही कापूस, स्पिरिट आणि टिंक्चर हे त्रिकूट दवाखान्याची ओळख होऊन राहिलं. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एच. ए. आणि एम. व्ही. शेलान्स्की यांनी आयोडीन पॉलिमरला बांधून पोव्हिडोन आयोडीन तयार केलं. ताकद वाढवणं हा त्यामागचा हेतू नव्हता. आयोडीन हळूहळू सुटावं आणि म्हणून झोंबू नये, भाजू नये, हा होता. घरी वापरायला पोव्हिडोन बरं, ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट टक्केवारीत दिसत नाही: द्रावण कशात केलंय. २०१० मध्ये डारूइश आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ऑपरेशनआधी क्लोरहेक्सिडीन (हे दुसरं एक जंतुनाशक) आणि अल्कोहोल लावलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांच्या जखमा चिघळल्या, तर पाण्यातलं पोव्हिडोन लावलेल्यांपैकी १६.१ टक्के. त्यावरून आयोडीन मागे पडलं असा बोलबाला झाला. मला तेव्हाही ती तुलना खटकली होती, कारण एका बाजूला अल्कोहोल होतं आणि दुसऱ्या बाजूला नव्हतं. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दोन्ही बाजूंना अल्कोहोल ठेवलं, तेव्हा पोव्हिडोनकडे ५.१ टक्के आणि क्लोरहेक्सिडीनकडे ५.५ टक्के असा जवळपास सारखाच निकाल लागला. त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडात हाड मोडलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये अल्कोहोलमधल्या आयोडीनने थोडी बाजीच मारली: २.४ विरुद्ध ३.३ टक्के. थोडक्यात, आयोडीन किती आहे याइतकंच ते पाण्यात आहे की अल्कोहोलमध्ये, यालाही वजन आहे. अर्थात अल्कोहोलचं द्रावण उघड्या जखमेत, डोळ्याजवळ किंवा तोंडात चालत नाही, आणि ते पूर्ण सुकल्याशिवाय थिएटरमध्ये कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायचं विजेवरचं उपकरण, लावली तर आग लागू शकते.

आता वडिलांची जखम. मधुमेहात पायाची संवेदना बऱ्याचदा गेलेली असते. टिंक्चर किंवा लुगोल लावलं तर तुम्हाआम्हाला आग होऊन आपण पाय मागे घेऊ. त्यांना काहीच कळणार नाही, आणि वर पट्टी बांधली तर खाली कातडी भाजत राहील. म्हणून या दोन बाटल्या त्यांच्या पायापासून लांब ठेवा. जखम लालसर, स्वच्छ, भरत आलेली दिसत असेल तर रोज पोव्हिडोन ओतायचीही गरज नाही. जंतू मारणारं आयोडीन नव्याने उगवणाऱ्या पेशींनाही सोडत नाही. सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, भोवतालच्या कातडीला हवं तर ५ टक्के लावा, आणि स्वच्छ गॉझ ठेवा. जखमेत घाण, पिवळट चिकट थर, वास असेल तर आमच्याकडे सर्जन बहुतेक वेळा १० टक्क्यांचं पातळ करून थोडा वेळ धुवायला सांगतात: एक भाग औषध, नऊ भाग सलाइन, म्हणजे १ टक्का पोव्हिडोन आणि ०.१ टक्का आयोडीन. काही मिनिटं ठेवून पुन्हा सलाइनने धुऊन टाकायचं. सांधा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये काही सर्जन याहून पातळ वापरतात, ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये १० टक्क्यांचे १७.५ मिलिलिटर, ३ मिनिटं. तिथे ०.०३५ टक्के आयोडीन असतं, आणि मघाशी सांगितलेल्या पाटाच्या हिशेबामुळे ते पुरतं. वडिलांसाठी काय करायचं ते मात्र त्यांचा पाय बघणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. बोट काळं पडलं, सूज वर चढली, ताप आला किंवा दुर्गंधी सुटली तर कोणत्या टक्क्याचं लावू हा प्रश्न संपला. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट जखमेत भरणारे अजूनही भेटतात. ते करू नकाच, आणि त्यावर वरून पोव्हिडोन तर अजिबात नको. सगळं आयोडीन त्या पुडीतच खर्ची पडतं.

पातळ करण्याबद्दल विचारलंत. १० टक्के पोव्हिडोनमध्ये तेवढंच सलाइन घातलं की ५ टक्के होतं, हे बरोबर. पोव्हिडोनपासून टिंक्चर मात्र कधीच होणार नाही, कारण १० टक्क्यांच्या बाटलीत मुळात एकच टक्का आयोडीन आहे. लुगोल पातळ करून २ टक्क्यांवर आणता येईल, पण त्यात अल्कोहोल नाही आणि आयोडाइड जास्त आहे. ते टिंक्चर होत नाही. आणि ५ व १० या दोन बाटल्यांच्या मधला म्हणून ७.५ टक्क्यांचा स्क्रब आणू नका. त्यात साबणासारखा फेस करणारा पदार्थ असतो. तो न फाटलेल्या कातडीवर चोळून धुवायचा असतो. जखमेत किंवा डोळ्यात तो इजा करतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोनचे थेंब घालतात हे खरं, पण ते डोळ्यासाठी निर्जंतुक केलेलं द्रावण असतं. घरातली बाटली डोळ्यापर्यंत जाता कामा नये. पातळ केलेलं काहीही ठेवून देऊ नका. त्या वेळेपुरतं करा, उरलेलं टाका.

गुळण्यांसाठीही वेगळी २ टक्क्यांची बाटली आणा. डॉक्टर बहुधा तेवढंच पाणी मिसळायला सांगतात. ती गिळायची नाही, आणि महिनोन्‌महिने सवय म्हणून करायची नाही. त्वचेच्या बाटलीतलं औषध तोंडात वापरू नका, मग पातळ करून टक्के जुळले तरीही. त्यातले इतर घटक तोंडासाठी ठरवलेले नसतात.

गोठ्यात गणित वेगळं. नुकत्याच जन्मलेल्या वासराची नाळ ही जंतूंना उघडी वाट असते. तिथून शिरलेला जंतू सांध्यांपर्यंत पोचतो आणि वासरू लंगडं होतं. इथे मात्र टिंक्चर चांगलं, कारण आयोडीन जंतू मारतं आणि अल्कोहोल नाळ सुकवतो. रुंद तोंडाच्या छोट्या वाटीत ताजं ओतून नाळ पोटाला लागेपर्यंत पूर्ण बुडवा, आणि वाटीतलं उरलेलं फेकून द्या, बाटलीत परत नाही. टिंक्चर नसेल तर १० टक्के पोव्हिडोन चालेल, एकदा लावून न थांबता पुन्हा लावा. इंटरनेटवर ७ टक्क्यांचं टिंक्चर वापरा असं वाचलं असेल. ते अमेरिकी पशुपालकांचं जुनं माप आहे. आयोडीन मादक पदार्थ बनवायला वापरलं जाऊ लागल्यामुळे तिथेही २००७ मध्ये २.२ टक्क्यांवरच्या द्रावणांवर कडक नियंत्रण आलं. त्या मापासाठी धावाधाव करू नका. किती वेळा लावायचं ते तुमच्या पशुवैद्यांना विचारा.

सडांना लावायचं औषध पाहिलंत तर त्यावर सरळ उपलब्ध आयोडीन लिहिलेलं असतं, बहुतेक ०.५ टक्के किंवा ५,००० पीपीएम. हे आयोडीन तुमच्या ५ टक्के पोव्हिडोनइतकंच. आकडा दसपट लहान दिसतो म्हणून ते कमकुवत समजू नका. सडांच्या औषधात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात, कारण थंडीत सड फुटले की कासदाहाला, ज्याला आपण दगडी म्हणतो, आयतंच आमंत्रण मिळतं. माणसांचं पोव्हिडोन रोज दोन वेळा सडांना लावलं तर कातडी कोरडी पडेल. धारेनंतर सड बुडवा आणि गाईपुढे वैरण टाका, म्हणजे सडाची तोंडं मिटेपर्यंत अर्धा-पाऊण तास ती उभी राहील.

वासराच्या नाळेला आयोडीन, तर बाळाच्या नाळेला का नको, असा प्रश्न लगेच येतो. बाळाची नाळ कोरडी ठेवायची, काही लावायचं नाही. नवजात बाळाच्या कातडीतून आयोडीन सहज आत जातं आणि त्याची थायरॉइड ग्रंथी काही काळ मंदावू शकते. हाच विचार गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी, थायरॉइडच्या रुग्णांसाठी आणि मोठ्या भागावर भाजलेल्यांसाठी करायचा. एखाद्या ओरखड्याला थोडंसं लावलं तर घाबरायचं कारण नाही. मोठ्या जागेवर, रोज, अनेक दिवस लावायचं असेल तर डॉक्टरांना विचारून.

लुगोलबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण त्या बाटलीची मला सगळ्यात काळजी वाटते. ती आईला पोटात घ्यायला, थेंब मोजून, ठरावीक दिवसांसाठी दिली होती. थायरॉइडच्या ऑपरेशनआधी हा उपाय १९२३ मध्ये अमेरिकी डॉक्टर हेन्री प्लमर यांनी रूढ केला आणि तो आजही चालतो. लुगोलच्या एका थेंबात साधारण ६ ते ८ मिलिग्रॅम आयोडीन असतं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक थेंब चाळीस ते पन्नास दिवसांची गरज. ‘आयोडीन कमी पडतं म्हणून रोज दोन थेंब घ्या’ असे सल्ले फिरत असतात. त्यामुळे थायरॉइड मंदावतेही आणि काहींची भडकतेही. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात याची गरजच नाही. उरलेली बाटली आमच्यासारख्या औषध विभागात किंवा दुकानात परत द्या.

खेकडा, कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठतं म्हणून आयोडीन चालत नाही, असं कोकणातले रुग्ण फार वेळा सांगतात. ती अॅलर्जी त्या माशांतल्या प्रथिनांची असते. आयोडीनची नव्हे. पोव्हिडोन लावलेल्या जागीच पूर्वी पुरळ उठली असेल तर मात्र ते जरूर सांगा.

शेवटी तुमची ती जुनी टिंक्चरची बाटली. टिंक्चरमधला अल्कोहोल सैल बुचातून उडत राहतो आणि आयोडीन मागे उरून द्रावण लेबलपेक्षा कडक होतं. जुन्या टिंक्चरने कातडी भाजते ती यामुळे. आयोडीनही उडणारं आहे, म्हणून कधी ते उलट कमकुवतही निघतं. कोणत्या बाजूला गेलंय हे घरी कळणार नाही. ती टाकून द्या आणि वासरासाठी छोटी नवी बाटली आणा. गडद काचेची, घट्ट झाकणाची, उन्हापासून दूर, आणि उघडल्याची तारीख पेनाने वर लिहिलेली. बाटलीच्या तोंडाला कापूस लावून उलटी करू नका. औषध वाटीत ओतून घ्या. टिंक्चर बेंझोइन या वेगळ्याच औषधाची बाटलीही तशीच तपकिरी दिसते आणि दोन्हींना घरात नुसतं ‘टिंक्चर’ म्हणतात, तेव्हा गोठ्यातल्या फळीवर ठेवताना नाव पुढे दिसेल अशी ठेवा. पोव्हिडोनच्या दोन्ही बाटल्या तारखेत असतील तर ५ टक्क्यांची घरात ठेवा आणि १० टक्क्यांची डॉक्टरांनी पातळ करून वापरायला सांगितली, किंवा टिंक्चर नसताना वासराच्या नाळेला लागली, तरच काढा. कपड्यावर डाग पडला तर व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून त्यावर ओता, डाग जाईल. पण ते पाणी जखमेच्या गॉझवर सांडू देऊ नका, तिथलं आयोडीनही तितक्याच पटकन संपेल.